मुलींच्या नळाला गरम पाणी

मी सातपुड्यातल्या एका निवासी आश्रमशाळेत विज्ञान शिकवते. माहेर प्रकाशा गावाच्या बाजूचं, तापीकाठची काळी जमीन, शेतात पपई आणि केळी. भाऊ अजून तीच शेती करतो. शाळा मात्र वर डोंगरात आहे, आणि डिसेंबरात पहाटे तिथे मोटारसायकलच्या सीटवर दव गोठून पांढरं होतं. खालच्या लोकांना हे सांगितलं तर पटत नाही. नंदुरबार म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे एप्रिलचं ऊन येतं. आमच्या मुली त्या थंडीत पहाटे पाचला उठून आंघोळ करतात. गच्चीवर सोलर बसवलेला असताना लागोपाठ तीन हिवाळे त्यांनी ती अंगाला झोंबणाऱ्या गार पाण्याने केली. त्या तीन हिवाळ्यांत मी रोज कढत पाण्याने न्हात होते.

सोलर आला तेव्हा मुलींना रांगेत उभं करून नारळ फोडला होता. सहा पॅनल, एक मोठी जाड अस्तराची टाकी, आणि ठेकेदाराच्या माणसाचं छोटंसं भाषण. मुलींच्या वसतिगृहावर पत्रे आहेत, त्यावर एवढं ओझं ठेवता येत नाही, म्हणून पॅनल आणि टाकी आमच्या कर्मचारी निवासाच्या गच्चीवर बसवली. तिथून एक पाइप खाली आमच्या खोल्यांना आला. दुसरा गच्चीवरून सरकत कठड्यावर चढला, पलीकडे उतरला आणि मधलं अंगण ओलांडून मुलींच्या न्हाणीघरात गेला. तिथे बारा नळ. तेव्हा मला यात वावगं काही दिसलं नाही. माझ्या खोलीत नळ सोडल्यावर अर्धी बादली गार येई आणि मग वाफाळतं पाणी सुरू होई. मी मनात म्हणाले, चला, पोरींचं एक दुःख संपलं.

पहिल्याच हिवाळ्यात मोठ्या मुली सांगायला आल्या की गरम पाणी येत नाही. अधीक्षिकाबाईंनी, म्हणजे वसतिगृह सांभाळणाऱ्या बाईंनी, त्यांना सांगितलं की नळ सोडून थांबायचं, येतं. मीही तेच सांगितलं, वर शास्त्रही समजावलं. रात्रभर पाइपात उभं असलेलं पाणी थंड होतं, ते आधी बाहेर पडावं लागतं, मग टाकीतलं गरम पाणी पोचतं, पाइप जितका लांब तितका उशीर. फळ्यावर आकृती काढली. मुली ऐकून गेल्या. हे शास्त्र खोटं नव्हतं, आणि म्हणूनच मला त्याचा जास्त राग येतो. खऱ्या गोष्टीच्या आड मी अशी लपले की मला स्वतःलाही ते कळलं नाही.

पुढच्या वर्षी तक्रार आली नाही. सांगणाऱ्या मुली दहावी होऊन निघून गेल्या होत्या आणि मागच्यांनी सांगायचं सोडलं होतं. आम्ही धरून चाललो की सगळं ठीक आहे. स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालंही की सोलर आल्यापासून मुली गप्प झाल्या. ते कौतुकाने म्हटलं होतं.

माझा एक नियम होता. आंघोळ न केलेली मुलगी प्रयोगशाळेत बसणार नाही. नियम मीच केला होता आणि मला त्याचा अभिमान होता. अशी मुलगी सापडली की तास संपेपर्यंत व्हरांड्यात उभी. हिवाळ्यात व्हरांड्यात उभ्या राहणाऱ्या मुली वाढतात हे माझ्या लक्षात आलं होतं. त्याचं कारण मी आळस धरलं होतं.

तिसऱ्या हिवाळ्यात नववीची एक मुलगी तशी सापडली. पावरा घरची, वरच्या पाड्यावरची. बोलायची कमी, वहीत मात्र चांगलं लिहायची. घरची बोली वेगळी असल्याने शाळेतली मराठी ती सावकाश, शब्द निवडून बोलायची. त्या सकाळी तिचे समोरचे केस ओले होते आणि मानेवरचे कोरडे. मी तिच्या केसांच्या मुळाशी बोटं घातली. कपाळावरचे केस तेवढे भिजवून ती आंघोळ झाल्याचं दाखवत होती. मी सगळ्या वर्गासमोर तिला खोटारडी म्हणाले आणि बाहेर उभं केलं.

त्या दिवशी उष्णतेचं अभिसरण शिकवायचं होतं. तापलेलं पाणी हलकं होऊन वर चढतं, गार पाणी त्याच्या जागी खाली येतं, म्हणून आपला सोलर मोटार नसताना चालतो, असं मी सांगत होते. खिडकी उघडी होती. व्हरांड्यातून ती मुलगी म्हणाली, "मॅडम, टाकीत पाणी तापतं, तर आमच्या नळाला का येत नाही?"

मी तिला म्हणाले, "तुझा प्रश्न विज्ञानाचा नाही, आळसाचा आहे."

वर्ग हसला. वाक्य मला जसंच्या तसं आठवतं. माझ्या इतक्या वर्षांच्या शिकवण्यात मी कितीतरी चुकीचं बोलले असेन, पण या वाक्याइतकं लाजिरवाणं काही नाही. विज्ञानाच्या तासाला मुलीने विचारलेला तो सगळ्यात चांगला प्रश्न होता.

तीन दिवसांनी ती तापाने फणफणली. खोकताना छातीला हात लावायची. अधीक्षिकाबाईंना वसतिगृह सोडून जाता येत नव्हतं, म्हणून तिला जीपने दवाखान्यात न्यायला मी गेले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी छाती तपासली, न्यूमोनियाची सुरुवात आहे म्हणाल्या, औषधं लिहिली, आणि लिहिता लिहिता सहज विचारलं की मुली आंघोळ कोणत्या पाण्याने करतात. मी सांगितलं की गरम पाण्याने, सोलर आहे. मुलगी तपासायच्या बाकावर पडली होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

परतीच्या वाटेवर घाटात मी तिला विचारलं की काय झालं. ती म्हणाली, "मॅडम, गरम पाण्याचे नळ तारेने बांधलेले आहेत."

मला कळेना ती काय म्हणते आहे. मी पुन्हा विचारलं. तिने हळूहळू सगळं सांगितलं. पहिल्या वर्षी आम्ही सांगितलं म्हणून मुली नळ सोडून थांबायच्या. बादल्याच्या बादल्या वाहून जायच्या आणि पाणी गारच. एकदा नळ रात्रभर उघडे राहून टाकी रिकामी झाली आणि अधीक्षिकाबाईंच्या खोलीतलं पाणी बंद पडलं. त्या दिवसापासून मुली पाणी वाया घालवतात म्हणून नळांना तारा आवळल्या गेल्या. एकच नळ मोकळा होता, पाहुणे आले की दाखवायला. तो सोडला तरी गरम पाणी येत नव्हतं.

मी त्याच शाळेत राहत होते. माझ्या खोलीपासून न्हाणीघर हाक मारली तर ऐकू जाईल इतकं जवळ आहे. आणि मला हे माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मी पक्कड घेऊन तिथे गेले. एवढ्या वर्षांत हिवाळ्याच्या पहाटे मी तिथे पहिल्यांदा पाऊल ठेवत होते. साठ-सत्तर मुली बादल्या घेऊन गार पाण्याच्या हौदापाशी ओळीत उभ्या होत्या, शाली पांघरून, एका पायावरून दुसऱ्यावर होत. पहिली-दुसरीतल्या लहानग्यांना मोठ्या मुली न्हाऊ घालत होत्या. पाणी अंगावर पडण्याआधीच लहानगी श्वास रोखून डोळे मिटत होती. मोठीचा हात सरावाचा होता. दोन तांबे, साबण, दोन तांबे, आणि लगेच टॉवेलात गुंडाळून पुढची. एकही पोर रडत नव्हतं. ते पाहून मला जास्त त्रास झाला. रडून काही होत नाही हे त्यांना सातव्या वर्षीच कळलं होतं.

अकरा नळांना तार होती. मी शेवटच्या नळाची तार पकडीने उलगडली. मुली बाजूला सरून पाहत राहिल्या. नळ सोडला तर आधी फुसफुस हवा आली, मग सुतासारखी धार. एक बादली भरायला किती वेळ लागला ते मी घड्याळ लावून मोजलं नाही, पण तेवढ्यात चार मुली न्हाऊन गेल्या. बादली भरली, पाणी गार. दुसरी भरली, गार. मग मी तशीच माझ्या खोलीत गेले आणि माझा नळ सोडला. अर्ध्या बादलीत वाफ आली. पुन्हा न्हाणीघरात आले, हात धारेखाली धरला. गार. असं मी तीनदा केलं, जणू माझा माझ्या हातावर विश्वास नव्हता. तिसऱ्या वेळी एका मुलीने शेजारच्या मुलीच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघी हसल्या. हसण्यासारखंच होतं ते.

तिथून सरळ अधीक्षिकाबाईंकडे गेले. त्या नुकत्या न्हाऊन केस पुसत होत्या आणि ते बघून माझं डोकं फिरलं. मी नको ते बोलले. त्या आधी दचकल्या, मग चिडल्या. त्यांचं म्हणणं असं की दोनशे मुली एकटीच्या अंगावर आहेत, मदतनीस दीड वर्षापासून नाही, टाकी रिकामी झाली तर सकाळची भांडीसुद्धा अडतात, आणि मी आजवर एकदाही न्हाणीघरात डोकावले नव्हते तर आज कोणत्या तोंडाने विचारते आहे. शेवटचं त्यांनी खरं सांगितलं. तरी तार त्यांनी बांधली होती, मी नाही, आणि हे मी त्यांना ऐकवलं. आमचं बोलणं त्यानंतर कित्येक दिवस बंद होतं.

मुख्याध्यापक शांत माणूस. त्यांची शांतता मला त्या दिवशी असह्य झाली. त्यांनी कपाटातून देखभालीची वही काढून पुढे ठेवली. ठेकेदाराचा तंत्रज्ञ दर सहा महिन्यांनी येऊन गेला होता, आणि दर वेळी एकच ओळ होती: यंत्रणा सुस्थितीत, गरम पाणी उपलब्ध. खाली सरांची सही. मी विचारलं की तो तपासतो काय. सर म्हणाले की गच्चीवर जातो, टाकीला हात लावून पाहतो, टाकी गरम असते. मी विचारलं की मुलींचे नळ? ते तपासायचं कलम करारात नसावं असं त्यांना वाटत होतं. मी गच्चीची किल्ली मागितली. त्यांनी दिली नाही. ठेकेदाराशिवाय कुणी हात लावला तर हमी जाईल, काही मोडलं तर जबाबदारी कुणाची, रीतसर पत्र पाठवू, उन्हाळ्यापर्यंत होऊन जाईल.

उन्हाळ्यात गरम पाणी. मी त्यांच्या टेबलावर हात आपटला. तोवर मी कुणाच्या टेबलावर हात आपटला नव्हता. त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला.

संध्याकाळी भावाला फोन केला. त्याने सोलरचं काम कधी केलेलं नव्हतं, पण पाणी आणि पाइप याशिवाय त्याचं आयुष्य नाही. सगळ्या पपईला ठिबक त्याने स्वतः टाकलं आहे. मी रागाने भराभरा सांगत होते. त्याने मध्ये थांबवून एवढंच विचारलं, "टाकीमा पानी गरम शे ना? मंग पाइपमा हवा बसेल शे. आपला ठिबकले व्हस तसं." येत्या रविवारी येतो म्हणाला.

तो रविवारी सकाळी आला, मोटारसायकलच्या मागे हत्यारांची पिशवी बांधून. मुख्याध्यापक गावाला गेले होते. किल्ली नव्हतीच. स्वयंपाकघरात काम करणाऱ्या बाईंनी मागच्या बाजूने बांबूची शिडी लावून दिली आणि खाली धरून उभ्या राहिल्या. मी साडी खोचून चढले. तीन वर्षं मी ज्या यंत्रावर वर्गात बोलत होते, ते मी पहिल्यांदा जवळून पाहत होते.

भाऊ टाकीपासून निघाला. पाइपाच्या कडेकडेने हात फिरवत कठड्यापर्यंत गेला आणि तिथे उकिडवा बसला. कठडा फोडायला नको म्हणून पाइप त्याच्यावरून कमानीसारखा वर नेऊन पलीकडे उतरवला होता. भाऊ म्हणाला, "पाइप इतला वर लयेल शे नि वाल बसाडेल नही. हवा जाई कोठे?"

मग त्याने मला समजावलं. मी विज्ञानाची पदवीधर, आणि माझा बारावी झालेला भाऊ मला पाइपाचं शास्त्र समजावत होता. पाणी तापलं की त्यातून हवा सुटते. ती हवा पाइपाच्या सगळ्यात उंच जागी जाऊन बसते. तिला बाहेर पडायला वाट नसेल तर ती तिथेच बुचासारखी राहते आणि पाणी तिच्या खालून कसंबसं झिरपत जातं. शेतात चढावर म्हणूनच हवेचा वाल, म्हणजे व्हॉल्व्ह, बसवतात, तो नसला की पुढची झाडं सुकतात. बरं, तेवढंच नव्हतं. त्याने पलीकडे उतरून मुलींच्या बाजूच्या पाइपाचं टोकाचं झाकण काढलं. तिथून काळपट तांबडा गाळ पडला, ओंजळ-दोन ओंजळ, त्यात चुनखडीचे पापुद्रे. बोअरचं जड पाणी, आणि टोकाला कुणी कधी पाइप धुतलेला नाही.

आणि तिसरी गोष्ट. टाकीतून निघालेला पहिला फाटा आमच्या खोल्यांचा. सरळ खाली, मोठ्या तोंडाचा, वाल पूर्ण उघडा. पाण्याला सोपी वाट मिळाली की ते अवघड वाटेने जातच नाही. आमच्या खोल्यांत पहाटे साडेचार-पाचला नळ सुरू झाले की जे काही थोडं पाणी कमानीवरून पलीकडे जायचं तेही थांबायचं. "पहिला नळ तुमना शे," भाऊ म्हणाला. "तुमनं पोट भरनं का मंग पोरीसले."

मी म्हणाले की मला कळायला हवं होतं. त्याने पान्यावरून नजर न उचलता विचारलं, "तुले गरम पानी भेटे ना? मंग तू कसाले देखशी?"

तुला गरम पाणी मिळत होतं, मग तू कशाला बघशील. तो मला लागावं म्हणून बोलला नव्हता. शेतावरच्या कोणत्याही बिघाडाबद्दल जसं बोलतो तसंच बोलला. मी कठड्याशी बसून राहिले आणि मला इतका राग आला की हातातली पक्कड खाली अंगणात फेकावीशी वाटली. कुणावर फेकायची होती ते सांगता येणार नाही. ज्याने पाइप असा नेला त्याला कठडा फोडायचा कंटाळा होता. ज्याने तपासणी केली त्याला जिना उतरून न्हाणीघरापर्यंत जायचा कंटाळा होता. आणि आळशी म्हणून व्हरांड्यात कुणाला उभं केलं होतं? त्या मुलींना.

दुपारपर्यंत त्याने काम केलं. कमानीच्या माथ्यावर भोक पाडून त्याने शेतातून आणलेला हवेचा वाल बसवला. वाल उघडताच आत दबलेली हवा शिट्टीसारखी सुटली आणि कितीतरी वेळ सुटतच राहिली. मुलींच्या बाजूचा पाइप गाळ संपेपर्यंत वाहू दिला. आमच्या फाट्याचा वाल फिरवून एक चतुर्थांश उघडा ठेवला. गच्चीवरच्या उघड्या पाइपाला बारदान गुंडाळून वर प्लास्टिक बांधलं. जाताना म्हणाला की आता पहिली बादली-दीड बादली गारच येणार, रात्रभर पाइपात उभं असलेलं पाणी कुणालाही चुकत नाही. तेवढा उशीर खरा आहे, त्यापुढचा नाही. पोरींना तसं सांगून ठेव, आणि ते पहिलं पाणी भांडी घासायला वापरा. ही दुसरी गोष्ट आम्हाला तीन वर्षांत सुचली नव्हती.

सोमवारी पहाटे मी पुन्हा तिथे होते. उरलेल्या तारा मी आदल्या संध्याकाळीच काढल्या होत्या. शेवटच्या नळाखाली बादली लावली. दीड बादलीनंतर धार कोमट झाली, आणि मग एका लहान मुलीने हात घातला आणि झटकन मागे घेतला. तिला ते भाजल्यासारखं वाटलं असावं. पुन्हा हात घातला आणि तसाच धरून राहिली. मागच्या मुली ढकलायला लागल्या तरी हलेना. मी तिथे फार वेळ थांबू शकले नाही.

आजारी पडलेली मुलगी वडिलांबरोबर पाड्यावर गेली होती, ती दहा-बारा दिवसांनी परत आली. ज्या वर्गासमोर मी तिला खोटारडी म्हणाले होते त्याच वर्गासमोर मी उभी राहिले आणि सांगितलं की माझं चुकलं. तिने विचारलेला प्रश्न बरोबर होता, आणि मी तो ऐकला असता तर पाइपातला दोष त्याच दिवशी सापडला असता. ती खोटं बोलली नव्हती. आंघोळीचा नियम मी रद्द केल्याचंही सांगितलं. ती उठून उभी राहिली.

"मॅडम, त्या दिवशी मी केस भिजवून आले होते, ते खोटंच होतं," ती म्हणाली. "पाण्याचं खरं होतं."

मी काहीतरी बोलणार होते, पण ती बसली आणि तिने वही उघडली. तिला माझं पुढचं ऐकायचं नव्हतं. बरोबरच होतं तिचं.

इथे हे संपायला हवं होतं. आठवडा झाला आणि मुलींनी सांगितलं की पाणी पुन्हा गार येतं. या वेळी त्या लगेच सांगायला आल्या, तेवढं तरी बदललं होतं. मी बांबूची शिडी लावून वर चढले. आमच्या फाट्याचा वाल कुणीतरी पूर्ण उघडून ठेवला होता. स्टाफरूममध्ये विचारलं तर कुणी वर पाहिलं नाही. एकजण म्हणाले की एवढ्याशा धारेत बादली भरेपर्यंत प्रार्थना होऊन जाते, आमच्या घरीही लहान मुलं आहेत. मी विचारलं की पलीकडे कोण आहेत. त्या संध्याकाळी मी वाल पुन्हा चतुर्थांशावर आणला, त्याचं चाक काढलं आणि माझ्या पर्समध्ये ठेवून दिलं. माझ्या खोलीतही धार बारीकच झाली. बादली भरायला वेळ लागतो, मी लवकर उठते.

पंधरा दिवसांत मला आदिवासी विकास खात्याच्या कार्यालयातून नोटीस आली. शासकीय मालमत्तेत विनापरवानगी फेरफार केला, बाहेरच्या इसमाला छतावर नेलं, यंत्रणेचा सुटा भाग ताब्यात ठेवला, याबद्दल खुलासा करावा. बाहेरचा इसम म्हणजे माझा भाऊ. ज्यांनी तीन वर्षं मुलींना गारठवलं त्यांच्याकडे कुणी खुलासा मागितला नव्हता. मी चार पानं लिहिली. तार, गाळ, कमान, फाटा, सगळं. माझा स्वतःचा नियम आणि व्हरांडाही लिहिला. मुख्याध्यापकांनी वाचून मला बोलावलं आणि नळांच्या तारांचा उल्लेख गाळायला सांगितला, शाळेची बदनामी होते म्हणून. मी गाळला नाही. कार्यालयातल्या साहेबांनी समोर बसवून घेतलं आणि आवाज न चढवता सांगितलं की मुद्दा संवेदनशील आहे, तोंडी सांगितलं असतं तर जास्त बरं झालं असतं. मी म्हणाले की तोंडी मुलींनी पहिल्याच हिवाळ्यात सांगितलं होतं. त्यांनी फाइल मिटली.

कारवाई झाली नाही, चौकशीही झाली नाही. ठेकेदाराचा माणूस येऊन भावाने बसवलेल्या वालाशेजारी आपल्या नावाचा स्टिकर चिकटवून गेला. अधीक्षिकाबाईंना मदतनीस मिळाली, ती माझ्या पत्राने की आणखी कशाने, माहीत नाही. एक दिवस त्या स्वतःहून चहा घेऊन आल्या आणि आम्ही पुन्हा बोलायला लागलो. तारेचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. मला त्यांचा राग येतो अजून, पण सगळ्यात जास्त त्यांचाच येतो असं आता म्हणता येणार नाही.

गेल्या हिवाळ्यात शहाद्याच्या बसस्थानकावर एक बाई मॅडम, मॅडम करत आली. कडेवर वर्षाचं मूल, हातात पिशवी, लोणखेड्याला दिराकडे निघालेली. चेहरा ओळखीचा वाटला, पण कुठली ते लक्षात येईना. तिनेच सांगितलं की सोलर आला त्या वर्षी ती दहावीत होती. तिने विचारलं नव्हतं, तरी माझ्या तोंडून निघून गेलं की आता मुलींच्या नळाला गरम पाणी येतं. तिने मूल दुसऱ्या कडेवर घेतलं.

"आम्ही सांगितलं होतं तुम्हाला, मॅडम," ती म्हणाली. "तुम्ही फळ्यावर चित्र काढलं होतं."

मी हो म्हणाले. तिने विचारलं की बाराही नळांना येतं का. मी म्हणाले, बाराही. लहान मुलींना कोण न्हाऊ घालतं, तिने विचारलं. मी सांगितलं की अजून मोठ्या मुलीच, पण आता त्यांना घाई नसते. तिने मान हलवली. तिची बस लागली होती. ती चढली, खिडकीशी जागा मिळाली, मुलाला मांडीवर बसवून ती समोर बघत राहिली. बस निघेपर्यंत मी खाली उभी होते.